पाठीमागून पाणी

गोळीबार चौकाच्या मागं, बारापात्रेबाईंच्या रंगशाळेची गच्ची.
नवतपाचा चौथा दिवस. सकाळचे नऊ,
आणि पाना हातात धरवत नाही.

मी वायरवाला. मारोती हेडाऊ नळवाला.
आमच्या दोन्ही धंद्यांचा पहिला धडा एकच:
एकमेकांपासून लांब राहा.
अकरा वर्षांपूर्वी सदरच्या एका हॉटेलात
त्याचा पाइप माझ्या बोर्डावर गळला,
तेव्हापासून हा धडा आम्ही
लग्नाच्या पंगतीतही पाळतो.

आता ही पाटी आली.
वरून काळी काच, विजेची.
पालथी केली तर पाठीला तांब्याच्या नळ्या,
गोधडीच्या धाग्यासारख्या
जाऊन वळून, जाऊन वळून.
कंपनीच्या पोरानं एकाच कागदावर दोन सह्या मागितल्या,
एक विजेची, एक पाण्याची.

बाई जिन्यातून वर आल्या, डोक्यावर ओला दुपट्टा.
"इतक्या उन्हात गरम पाणी कोणाले पाह्यजे,
समदे मलेच इचारून राह्यले.
रंगाले उन्हाळा समजते का बाप्पा?
लाल सूत मे महिन्यातबी उकळीच मांगते."

आधी पाटी कोरडीच चालवून पाहिली.
सूर्य चढत गेला, माझा आकडा उतरत गेला.
लोकांना वाटतं, नागपूर म्हणजे विजेची खाण.
पण ही काच आपल्यासारखीच आहे:
ऊन हवं तिला, ताप सोसत नाही.
साडेबाराला तीही मान टाकते.
पाठीला हात लावला आणि
फोड घेऊन मागं आलो.

मग मारोतीनं कॉक उघडला, माझ्याकडे न बघता.
मागच्या विहिरीचं पाणी नळ्यांत गुरगुरलं,
आणि एका जोडातून धार उडाली,
नेमकी माझ्या वायरींकडे.
ते हॉटेल, तो बोर्ड, तो जळका वास.
मी तोंड उघडलं, तोवर त्यानं
जोडावर तळहात दाबून धरला होता.
"हात काढ."
"तू लाइन बंद कर पह्यले," तो म्हणाला.
"माहा हात आहे इथं."

अकरा वर्षांतलं पहिलं बोलणं.
मी स्विच पाडला.
त्यानं दातांनी धागा तोडला, सफेदा लावला,
सात वेढे घेतले, पाना आवळला.
पोळलेल्या तळहाताकडे बघितलंसुद्धा नाही.

पुन्हा सुरू केलं.
पाणी पाठीमागून ताप घेऊन चाललं
आणि काच शुद्धीवर आली.
दोनशे एकोणचाळीस.
दोनशे एक्कावन्न.
दोनशे चौसष्ट.
मी आकडे मोठ्यानं वाचत होतो.
कंपनीचा पोरगा म्हणाला, काका, मला दिसतंय.
त्याच्यासाठी वाचतच नव्हतो.

चार वाजता बाईंनी टाकीत कोपरापर्यंत हात घातला.
"आंघोळीचं झालं. रंगाचं नाही झालं."
अठ्ठेचाळीस अंश. लाल रंगाला नव्वद लागतात.
मारोती खाली बघायला लागला.
बाईंनी भट्टीपाशी रचलेल्या लाकडांकडे पाहिलं,
मनात काही मोजलं,
आणि चारातली एक मोळी उचलून
पुन्हा खोलीत नेऊन टाकली.
"पुढचं भट्टी करन," म्हणाल्या.
"इथवर तर फुकट आलं."
खालच्या मागांचा खटखटाट तेवढा वेळ चालूच होता,
माझ्या वायरीवर.

पावणेसातला ऊन गेलं, माझा आकडा शून्य.
विजेचं असंच असतं, जाताना थांबत नाही.
त्याचं पाणी मात्र रात्री दहालाही
टाकीत चांगलं ऊन होतं.
हे त्याला सांगायला मी पुन्हा वर गेलो,
तर तो तिथंच उकिडवा बसलेला,
जोडाखाली बोट धरून,
ठिबकतं का बघत.

अंधारात काही दिसत नव्हतं त्याला.
मी टॉर्च धरला.