पासंग

आरिकाच्या बंदरात लेथवर उभा असतो माझा भाऊ, फेर्मिन.
त्यानं शाळेसाठी एक काचेचं नळकांडं दिलं:
आत पितळी दट्ट्या, तेलाचं बोट फिरवलेला,
तळाला बूच, लाखेनं बंद,
आणि काचेवर बाहेरून ओरखडलेली एक रेघ.
रेघेपाशी बारीक अक्षरात: इथं होता. समुद्र पायाशी होता.

बस रात्रभर चढत होती.
नळकांडं मी मांडीवर उभं धरलं,
उतू जाऊ बघणाऱ्या दुधासारखं.
पुत्रेच्या वळणांवर दट्ट्या सरकला.
कुणी ढकलला नाही, कुणी ओढला नाही.
वरचं कमी होत गेलं, एवढंच.

एल आल्तोत, वर्गात, तो रेघेच्या तीन बोटं वर.
फळ्यावर बाण काढले:
वरून हवा, आणि दट्ट्याचं स्वतःचं वजन,
खालून कोंडलेला वायू.
बेरीज सारखी, म्हणून थांबलाय.
थांबला म्हणजे सुटला असं नाही, हेही लिहिलं,
मग पुसलं. परीक्षेत येत नाही.

आता त्याला रेघेवर आणायचा.
शाळेच्या पेटीत वजनं कधी आलीच नाहीत.
मेलितोनच्या आईचं बाजारात बटाट्यांचं दुकान,
त्यानं तराजू आणला, आणि पोतं.
दट्ट्यावर पत्र्याची ताटली, ताटलीत बटाटे.
तीन किलोला नखभर अंतर उरलं.
साडेतीनला केसभर.
मग पासंगाला एक जांभळा, लिंबाएवढा,
आणि दट्ट्या रेघेवर.

"गणितात तर चार येतात, बाई."
येतात.
पण खाली ऊब होती, ती वाटेत सांडली.
गारठलेला वायू कमी भांडतो.
मेलितोननं दोन्ही तळवे काचेला लावले,
लावून ठेवले, ओठ चावत,
आणि बटाट्यांसकट सगळा डोलारा
वर आला, जरासाच.
वर्गात कुणी खोकलंही नाही.

रात्री फोनवर फेर्मिनला आकडा सांगितला.
"तेवढाच?"
"तेवढाच. बिस्किटाएवढ्या जागेवर.
खांद्यांवर किती, तू मोज."
"मला कधी जाणवला नाही."
"नाहीच जाणवत. आतूनही तेवढंच रेटत असतं."
मागं एखाद्या जहाजाचा भोंगा वाजला,
संपेपर्यंत दोघं थांबलो.
एकोणीस वर्षं झाली त्याला उतरून.
आईच्या वेळी आला तेव्हा
उंबऱ्यावरच बसला होता, नाकातून रक्त,
आणि शेजारणी म्हणाल्या, रडू आवरतोय.
मीही तेच समजले होते.

बटाटे दुकानात परत गेले.
एक कमी भरला, मेलितोनच्या आईनं विचारलं नाही.
तो अजून ताटलीत आहे.
लाख मी फोडलेली नाही.
दट्ट्या सकाळी खाली, दुपारी उन्हात वर,
आणि शनिवारी पाहिलं तर
पासंगाला कोंब आलाय,
काही न मोजता.