डिकीचा उंबरा

अंबड चौफुलीला मोहसीनभाईच्या आवारात
दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या.
एक पांढरी, उंच, छाती काढलेली.
दुसरी करडी, बुटकी,
मागून कुणीतरी ओढून लांबवल्यासारखी.

दिगंबर पांढरीच्या पायरीवर पाय देऊन वर चढला.
स्टेअरिंग धरलं, मान उंच केली,
म्हणाला, इथून तर पार मंठ्यापर्यंत दिसतंय.
मी हसले, पण तो चुकीचं बोलत नव्हता.
आमच्याकडची काळी जमीन, पाट फुटला की
फेब्रुवारीतसुद्धा चप्पल गिळते,
मागच्या साली भाड्याच्या टेम्पोचं चाक गिळलं तिनं,
वर ड्रायव्हरच्या शिव्या आम्ही गिळल्या.
पोट उंच असलेली गाडी पाहिजे,
हे मलाही कळत होतं.

फक्त मी शिवणकामाची टेप नेली होती.
पेटी वीस इंच लांब, सोळा रुंद,
मध भरला की तीस किलो,
आणि आत वीस हजार जणी,
ज्यांना धक्का खपत नाही.
पांढरीच्या डिकीचा उंबरा माझ्या बरगडीला लागला,
करडीचा मांडीला.
बस्, एवढंच मोजायचं होतं.
तरी दोनदा मोजलं,
पोरं बघत होती म्हणून.
मग करडीची मागची सीट पाडली.
आठ पेट्या, एकाच थरात. एकीवर एक नाही.

मोहसीनभाई खरं बोलणारा माणूस.
भाभी, म्हणाला, हे मॉडेल बंद झालंय.
आपल्याकडं चाललंच नाही.
डिकी दिसलेली लोकांना आवडत नाही,
माणूस मागं काय वाहतो ते कशाला दिसावं?
पार्ट मिळतील, पण हुडकावे लागतील.

घरी नंदई आले होते. फोटो बघितला, पालथा ठेवला.
कामून घेता वहिनी हा वैकुंठरथ?
असल्या गाडीत माणसं बसत नसतात,
आडवी होऊन जातात.
उद्या सुमेधच्या सोयरिकीला
ह्यातून उतरणार का तुम्ही?

त्यावर दिगंबर काही बोलला नाही.
रात्री अंथरुणात मी हिशेब सांगितला,
फरक दोन लाखांचा, दोन लाखांत चाळीस वसाहती.
तो म्हणाला, हं.
त्या हं मध्ये मंठ्यापर्यंत दिसणारा रस्ता
हळूच मिटल्याचं मला ऐकू आलं.
माझी कंबर दुखते, हे मी बोलले नाही.
ते त्याला माहीत होतं, आणि मला
कंबरेवर जिंकायचं नव्हतं.

राजूरकडच्या रानात डेंगळे फुलले होते.
बियाण्याच्या कंपनीचं पहिलं काम.
दिवस मावळला, माश्या परतल्या,
दारांना जाळी ठोकली,
आठ पेट्या मांडीच्या उंचीवरून
एकटीनं आत सरकवल्या.
आणि शेवटच्या बांधाअलीकडं, पाटाच्या ओलीत,
करडी पोटावर बसली.

रात्रीचे अकरा. चाक फिरतंय, गाडी नाही.
दिगंबर उतरला, बॅटरी घेतली,
ट्रॅक्टर बघायला निघाला.
'सांगितलं होतं' हे त्यानं म्हटलं नाही.
ते न म्हटलेलं वाक्यच
त्याच्या मागं चिखलात चपचपत गेलं.

मी दोन पेट्या जरा बाजूला केल्या
आणि मधल्या फटीत आडवी झाले,
नंदई म्हणाले होते तशी.
फळीतून गुणगुण कानात यायला लागली,
एका पेटीची जाड, एकीची बारीक,
एक पेटी मात्र गप्पच, तिची काळजी वाटली.
काचेबाहेर डेंगळे
अंधारातसुद्धा पांढरेच.

काच वाजली तेव्हा मी खरंच झोपले होते.
ट्रॅक्टर पहाटं येतो म्हणाला, तो बोलला,
गुडघ्यापर्यंत काळा झालेला.
मी म्हटलं, पांढरी असती तर रुतली नसती.
त्यानं चपला बाहेर काढून ठेवल्या.
म्हणाला, सरक तिकडं.