उणे एक

सोजरबाई ढवारे, खाडगाव रोड, लातूर.
मागणी : ऐंशी हजार, चपातीच्या मशीनसाठी.
पडद्यावर गुण आला : उणे एक.
म्हणजे वाईट नव्हे. म्हणजे कोणीच नाही.
जिनं आजवर कुणाचं कर्ज काढलं नाही
तिला यंत्र ओळखत नाही.

"कधीच नाही काढलं?"
"कामून काढावं?" तव्यावरची चपाती उलटत ती म्हणाली,
"नड आली की दोन डबे वाढवायचे."

नवं परिपत्रक माझ्या बॅगेत होतं :
पर्यायी पुरावे चालतील.
भाडं, वीज, मोबाइल, गॅस.
ज्यानं वेळेवर दिलं, तो वेळेवर देईल.
वाचायला सोपं.

मीटर घरमालक बिडव्यांच्या नावे.
सिम पोराच्या नावे, पोरगा चाकणला.
गॅसचं पुस्तक नवऱ्याचं,
आणि तो फोटोत, हार घालून.
भाडं चौदा वर्षं रोख, पाच तारखेच्या आत.
पावती मागितली नाही कधी,
"मागितली तर त्यांना वाटंल, इस्वास नाही."

मग तिनं खुंटीवरून तार उतरवली.
टँकरच्या चिठ्ठ्या,
गुलाबी, कडा खाल्लेल्या, एकीवर एक ओवलेल्या.
नळाला आठवड्यानं पाणी येणार
आणि चाळीस पोरांची ताटं रोज धुवायची.
प्रत्येक चिठ्ठीवर टँकरवाल्या मोईनची सही : 'पोहोचले'.
पाणी की पैसे, ते त्यानं लिहिलेलं नव्हतं.
मी मोजल्या. दोनशे अकरा.
अर्जात टँकरला रकाना नव्हता.
'इतर'मध्ये बसवल्या, बारीक अक्षरात.

"एक उन्हाळा नाही त्याच्यात," तीच म्हणाली.
"पोरं गावाला गेलती, मेस बंद.
मोईनला चार महिने थांबवलं. ते बी लिव्हा."
म्हणालो, गरज नाही.
"लिव्हा की. मागून कळलं तर मलाच खोटी धरतील."

मिळकतीसाठी मेसच्या वह्या मागितल्या.
नावं नव्हतीच आत, गावं होती :
देवणीचा, उंच.
हिमायतनगरचा, वांगं चालत नाही.
पाथरीचे दोघं भाऊ.
पैसे आले की गावावरून आडवी रेघ.
पानं उलटत मी मागं मागं गेलो,
तेराच्या सालापर्यंत.

सेलूचा, चष्म्याचा. दोन महिने.
रेघ नाही.

दुसऱ्यांदा मार्क कमी पडले तेव्हा
मी पहाटेच्या गाडीनं निघालो होतो, कुणाला न सांगता.
डबा दारात ठेवला होता.
धुऊन ठेवला होता, एवढं नक्की आठवतं.

माझा गुण सातशे एक्क्याऐंशी.
घराचा हप्ता, गाडीचा हप्ता,
एकही दिवस इकडचा तिकडं नाही.

"ते जुनं हाय," ती म्हणाली,
"ते येणं नका धरू."
आणि डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं,
ओळखून,
की खोलीत उजेड कमी होता म्हणून,
मला ठरवता आलं नाही.

शेवटचा रकाना :
अर्जदाराचा भरवसा, अधिकाऱ्याच्या मते.
पेन उघडून बसलो होतो.
आतून ताटाचा आवाज आला,
मग तिचा :
"भाकरच वाढू ना?"