पहिला कोण घ्यायचा

नव्या पेठेतून आणलेला गेम जुनाच निघाला.
बटण दोनदा दाबावं लागायचं,
आणि आत आधीच कुणाचा तरी खेळ :
अनु, बावीस तास.
पुसायचं? हो. नाही.
मी बराच वेळ पुसलं नाही.

मग पडद्यावरच्या म्हातारीनं तीन अंडी पुढं केली.
एकात जाळ, एकात पाणी, एकात पान.

रघुपती, माझा मामेभाऊ, नववीत दोनदा बसलेला जाणकार :
"जाळ घे. पहिल्या तिन्ही मारामाऱ्या खल्लास."
पण बाहेर चव्वेचाळीस होतं,
घरकुलाचा पत्रा कडकड वाजत होता,
आणखी जाळ कुठं ठेवू?

पाणी म्हणशील, तर
नळ पाचव्या दिवशी, तोही पहाटे तीनला.
पाण्याचा मला भरवसाच नव्हता.

"पान?" रघुपती हसला. "किड्यानं खाल्लं की गेलं."

आई सुपावर वाकलेली,
फर्मा ठेवून कात्रीनं पान कापत,
हजारातल्या सहाशे झाल्या होत्या.
मान वर न करता म्हणाली,
"त्या पानाला वाढायला काय लागतं?"
ऊन, मी म्हटलं.
"मग तीस्को," ती म्हणाली,
"ऊन आपल्याकडं फुकट आहे."

पहिल्याच गुहेत ते अकरा वेळा पडलं.
रघुपतीनं अकराही मोजल्या.
बाराव्याला तो पाणी भरायला गेला होता,
त्यामुळं ते जिंकलेलं
फक्त मी पाहिलं.

नाव विचारलं तेव्हा
मी लिहिलं : अनु.