वाटेत असताना

काचपट्टी आधी काखेत धरून ऊब देते,
मग थेंब ठेवते.
अत-बाशीत ऑक्टोबर संपत आलाय, डबक्यांवर बर्फाची साय.
गार काचेवर शुक्रपेशी लगेच मलूल पडतात.

ओमुरबेक मेंढ्याची शिंगं धरून बसलाय,
धरायची रीत चुकतेय त्याची.
नऊ वर्षं मॉस्कोत फरशा बसवल्या त्यानं;
मेंढरं थोरल्यानं राखली, सातारकुलनं.

"काय दिसतंय, एजे?"

दिसतंय ते आजचं नाही, मी म्हणते.
एक घडायला सात आठवडे लागतात,
वर दोन आठवडे नुसतं चालणं,
दोऱ्याएवढ्या नळीच्या वेटोळ्यांतून.

सुरुवातीला भिंतीला टेकून एक मूळपेशी असते.
तिच्या दोन होतात.
एक निघते, एक घरी थांबते.
निघालेलीच्या पुन्हा दोन, चार, आठ,
साऱ्या बहिणी बारीक पुलांनी बांधलेल्या,
एकीच्या पोटातलं दुसरीच्या पोटात.
मग आजा-आजीकडून आलेली गुणसूत्रं पिसायची,
निम्मी निम्मी वाटून घ्यायची.
(वाटणीवरून कुणी कोर्टात गेल्याचं ऐकिवात नाही.)
शेवटी अंगावरचा गरही उतरवून
दाईपेशीच्या ओटीत टाकायचा.
उरतं डोकं, शेपूट,
आणि मानेखाली घट्ट बांधलेली शिदोरी.

"ऑगस्टच्या शेवटी ताप होता का याला?"

तो बोटं मोजतो.
"होता. भाऊ रात्रभर ओली पोती टाकत होता याच्या अंगावर.
तिसऱ्या दिवशी भाऊच…"

चाळिसावं होऊन दहा दिवस झालेत.
भिंगाखाली वाकड्या शेपटांची गर्दी,
कितीतरी नुसतीच डोकी,
मधूनच एखादी सरळ, घाईची.
या साऱ्या अर्ध्या वाटेत होत्या
तेव्हा सातारकुल जिवंत होता,
पोतं पिळत होता.

हे मी बोलत नाही.
सांगते एवढंच: तीन आठवडे याला मेंढ्यांत सोडू नकोस.
मागून दुसऱ्या येताहेत.
घरी थांबलेली शाबूत आहे.

तो शिंगं सोडतो. मेंढा अंग झाडून
चार पावलांवर पाठ करून उभा.
"भाऊ काय म्हणून हाक मारायचा याला?"
ओमुरबेकला ठाऊक नाही.
तो एक शिट्टी घालून बघतो.
मग दुसरी, जरा खालच्या सुरात.
एक कान हलतो.