नीट उठलात का

न्खोटाकोटाच्या बाजारामागे
सायकलवाल्याच्या माडीवर बसून
मी पत्रांचं भाषांतर करतो.
एका पत्राला पाचशे क्वाचा. ओळी कुणी मोजत नाही.

आमच्याकडे सकाळी 'कसे आहात' विचारत नाहीत.
विचारतात : नीट उठलात का?
समोरचा म्हणतो : मी नीट उठलो,
तुमचं काय ते ठाऊक नाही.
बावीस वर्षं मी ही दोन वाक्यं
'डियर' या एका शब्दात पुरत आलो.
छापील कागदावर जागाच अडीच इंच.

आणि नियम.
पैशांविषयी लिहायचं नाही. पत्ता द्यायचा नाही.
काही मागायचं नाही.
कुणी मेलं असेल तर आधी मिसेस कालुआंना दाखवायचं;
त्या लाल पेनाने मरण खोडतात,
वर लिहितात, 'सध्या दिवस कठीण आहेत.'

तामांडानी, वय नऊ, क्रमांक चारशे सतरा.
तिची आजी सरोवराकाठी उसिपा वाळवते,
करंगळीएवढे मासे, बांबूच्या मांडवावर.
पाकीट फोडायच्या आधीच वासावरून
मला कळतं, पत्र कुणाचं.

तिच्या पालक
(कागदोपत्री पालकच म्हणतात,
जरी त्या इथे कधी आल्या नाहीत)
एल्स्पेथ, अ‍ॅबर्डीन, स्कॉटलंड.
अक्षर मोठं, तिरकं. आधी हवामान, मग बाकीचं.
'इथे पाऊस आहे.'
एकदाच, 'इथे पाऊस नाही!'

वाढदिवसाला त्यांनी बकरीचे पैसे पाठवले.
तामांडानीने बकरी काढून पाठवली, पाच पायांची.
पाचवी शेपूट आहे, असं बाण काढून लिहिलं होतं.
फेब्रुवारीत घरातला मका संपला
तेव्हा बकरी विकली.
पुढे दोन वर्षं ती चित्रांत चरत राहिली,
व्याली, दोनदा.
मी गप्प. चित्रांचं भाषांतर माझ्याकडे नसतं.

यंदा जूनमध्ये पत्र आलं, आखूड,
अक्षर उतरणीला लागलेलं.
खुबा मोडला. घर विकलं.
आता राहते तिथलं भाडंच इतकं
की तुझे महिन्याचे पैसे यापुढे जमणार नाहीत.
रागावू नकोस.
मी कॉफी सोडून पाहिली.

कॉफीची ओळ मिसेस कालुआंनी खोडली.
मी ती परत लिहिली,
आणि पत्र घेऊन स्वतः गेलो, सायकलने.
असं करायचं नसतं.

आजी मासे उलटत उलटत ऐकत होती.
'त्यांना लेकरं नाहीत?'
पत्रात नाही, म्हटलं.
'मग म्हातारीला भाड्याने ठेवतं कोण?'
आमच्या भाषेत त्या जागेला शब्द नाही.
मी बराच वेळ सायकलची साखळी बघत राहिलो.

तामांडानीने कागद मागितला. मांडीवर ठेवून लिहिलं :

नीट उठलात का?
आम्ही नीट उठलो, तुमचं काय ते ठाऊक नाही.
बकरी नाही. कधीचीच नाही. चित्रातली खोटी होती.
मी रागावले नाही.
तुम्हाला सांभाळायला महिन्याला किती लागतात?
आजी विचारते, उसिपा टपालात टिकतो का.
पत्ता पाठवा.
सकाळी तुम्हाला कोण विचारतं?

मिसेस कालुआंनी ते दोनदा वाचलं.
लाल पेन काढलं, ओळींवरून हवेतच फिरवलं,
ओठांत काहीतरी मोजलं.
मग टोपण लावून म्हणाल्या, चहा घेऊन येते.
तासभर आल्या नाहीत.

अडीच इंचांत मावेना, म्हणून मी कागद उलटा केला.
बकरी सोपी गेली. पैसेही.
सगळ्यात वेळ लागला पहिल्या दोन ओळींना.
इंग्रजीत त्या विचित्र दिसत होत्या,
जणू कुणी परक्या बाईच्या खाटेशी जाऊन
उगाच उभं राहिलंय.

तशाच ठेवल्या.