पीस

तपासायला दोघे आले. नगरसभेचा कारकून,
मेण लावलेली पाटी काखेत,
आणि एक वैद्य, अंगाला लसणाचा वास.
हेलपिस चटईवर पडलेली. तापाचा अकरावा दिवस.
पुरोहित पहाटेच तिच्या कपाळावर पाणी घालून गेला होता.
कायदा असा, की नटीला ते पाणी मिळतं
फक्त मरताना.
मेली तर मिटलंच.
जगली तर रंगमंच तिला परत मागू शकत नाही.
म्हणून बघायला आले होते,
खरंच मरतेय, की करतेय.

कारकून तिला ओळखत होता.
कार्थेजमध्ये तिला कोण ओळखत नव्हतं?
आम्ही बिनमुखवट्याच्या, अनवाणी बाया;
आमचा चेहरा म्हणजे चव्हाट्यावरची विहीर,
कुणीही पोहरा सोडावा.
काशाच्या पत्र्यावर आमचं नाव
कुंटणीच्या खाली, गुत्तेवालीच्या वर.
फुलांच्या देवीच्या सणाला लोक ओरडायचे, "उतरव!"
ती उतरवायची.
मी पडद्याआड तिची शाल धरून उभी.
शाल बराच वेळ उबदार राहायची.

"हे मी पाहिलंय," कारकून म्हणाला,
"कोळ्याच्या बायकोच्या खेळात ही अशीच मरते.
असाच डावा हात. अशीच घरघर."

साफ खोटं.
त्या खेळात ती वाईट मरायची,
लोक खदखदून हसायचे, ऑलिव्हच्या बिया फेकायचे.
इतकं बरं तिला कधी जमलंच नव्हतं.

वैद्यानं ओठांशी कोंबडीचं पीस धरलं.
हललं.
थांबलं.
थांबूनच राहिलं.
मी मनात वीसपर्यंत मोजलं, मला तेवढंच येतं.
मग हललं.
कारकुनानं पाटीवर एक ओळ कोरली, आणि खाली आणखी एक.
दुसरी ओळ कशाची, ते मला वाचता येत नव्हतं.

हेलपिस वाचली.
आता डोकं झाकून
नाट्यगृहाच्या दक्षिण दाराशी भाजलेले चणे विकते.
प्रार्थनेला शेवटच्या खांबापाशी उभी राहते,
शेजारच्या बायका वस्त्र सावरून घेतात
तेवढी जागा तिला पुरते.
त्या पिसाबद्दल मी कधी विचारलं नाही.

दुसरी ओळ होती: मुलगी एक, वय नऊ.

पोरगी आता पंधराची. कोळ्याची बायको तीच करते.
आतून हशाचा लोंढा दाराबाहेर येतो,
तेव्हा हेलपिसचं मापटं हवेत क्षणभर थांबतं,
गिऱ्हाईक ओंजळ धरून ताटकळतं.

"लवकर मेली आज," ती म्हणते,
"फार घाई करते पोरगी."